ऐच्छिक रकाना

२०२५ चा नोव्हेंबर. न्यू जर्सीतलं एडिसन. पाच वाजायच्या आत खिडकीबाहेर काळोख झालाय आणि तुम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला आहात. शेजारी आईचं आणि बाबांचं ग्रीन कार्ड, पासपोर्ट, आणि पुण्याहून येताना आणलेल्या गोळ्यांची पिशवी. आईच्या बीपीच्या, बाबांच्या साखरेच्या. पिशवी निम्म्याच्या खाली आली आहे.

दोघांनीही पासष्टी ओलांडलीय. पण इथे येऊन त्यांना आठच महिने झालेत, आणि ज्येष्ठांचं मेडिकेअर पैसे भरून घ्यायचं म्हटलं तरी सलग पाच वर्षं या देशात राहिलेलं असावं लागतं. गरिबांसाठीच्या मेडिकेडलाही, १९९६ च्या कायद्यापासून, बहुतेक नव्या ग्रीन कार्डवाल्यांना पाच वर्षं थांबावं लागतं. नोकरी नाही, म्हणून कंपनीचा विमा नाही. इतके दिवस प्रवासी विम्यावर काढले. आता उरलं एकच दार : स्वतःच्या नावाने, स्वतः हप्ता भरून, बाजारातून आरोग्य विमा विकत घेणं.

अर्ज फार अवघड नाही. जन्मतारीख. पत्ता. उत्पन्न. मग एक प्रश्न येतो आणि त्याच्या बाजूला ‘ऐच्छिक’ असं लिहिलेलं दिसतं. तुमचा वंश कोणता? खालच्या यादीत ‘एशियन इंडियन’ असा एक रकाना आहे.

“ऐच्छिक आहे ना, मग सोडून दे,” बाबा म्हणतात. “इथेही जात सांगायची का?”

तुमचं बोट पुढच्या पानाकडे वळतं. जरा थांबा. बोट तिथेच राहू दे. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, पण ते शोधायला लांब जावं लागेल. पहिला मुक्काम मात्र जवळ आहे. न्यूअर्क इथून गाडीने पाऊण तासावर.

साल १८८१. तुमच्या हातांची कातडी पाण्याने पांढुरकी पडून सुरकुतलीय, बोटांच्या पेरांना भेगा आहेत. तुम्ही लोकांचे कपडे धुता. तुमचा रंग काळा आहे. व्हर्जिनियात गुलामीत जन्मलात, सोळा वर्षांपूर्वी सुटलात, नवऱ्यासोबत उत्तरेला आलात. आज शनिवार, मजुरी मिळायचा दिवस, म्हणून विम्याचा एजंट याच दिवशी येतो. जिन्यावर त्याचे बूट वाजतात. काखेत वसुलीची लांबट वही. आठवड्याला तीन, पाच, दहा सेंट असे हप्ते गोळा करत तो गल्लीभर फिरतो. मेल्यावर पेटीचे आणि खड्ड्याचे पैसे असावेत, नगरपालिकेच्या खर्चाने पुरलं जाऊ नये, एवढ्यासाठी माणसं हा हप्ता भरतात. भाकरी चुकेल पण हा हप्ता चुकत नाही.

तुम्हाला नवऱ्याच्या नावाने पॉलिसी काढायचीय. पाच सेंटचं नाणं मुठीत गरम झालंय.

“आठवड्याला पाच सेंटच ना?”

“पाचच. पण नवीन नियम आलाय. तुमच्या लोकांना रक्कम एक तृतीयांश कमी.”

“आणि हप्ता?”

“हप्ता तोच.”

समोरच्या खोलीतली आयरिश बाई दारात उभी आहे. तीही पाच सेंटच देते. धरून चाला की तिच्या माणसामागे तिला नव्वद डॉलर मिळतील. मग तुम्हाला साठ. नाणं एक, जिना एक, हौदाचं पाणी एक. प्रुडेन्शियल कंपनीने हा नियम याच वर्षी, याच शहरातल्या मुख्य कचेरीतून काढलेला आहे. तुम्ही नाणं देता. दुसरं काय करणार?

हा मरणाचा विमा होता, आजारपणाचा नव्हे. तरी सुरुवात इथूनच करायला हवी. रंगावरून शरीराची किंमत ठरवायची रीत या वहीत रुजली आणि पुढच्या वह्यांत उतरत गेली.

मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८४ मध्ये असा भेदभाव करायला बंदी घातली. पुढच्या दहा वर्षांत न्यूयॉर्कसह आणखी काही राज्यांनी घातली. चांगलं झालं असं वाटेल. पण मग शनिवार येतात आणि जिना वाजत नाही. किमतीत फरक करता येत नाही म्हटल्यावर कंपन्यांनी तुम्हाला पॉलिसी विकायचं टाळलं. नकाराचं पत्र आलं नाही. तुमच्या पॉलिसीवर एजंटला कमिशन मिळेना, म्हणून तो तुमच्या गल्लीत वळेनासा झाला. कायद्याला या न वळण्यात काही सापडत नाही.

आता १८९६ चा ऑगस्ट. फिलाडेल्फियाचा सातवा वॉर्ड, लोंबार्ड स्ट्रीटचा परिसर. उन्हाने विटा तापल्यात, मागच्या बोळातल्या संडासांचा वास घरात येतोय. दारावर टकटक. एक तरुण उभा आहे, अठ्ठावीस वर्षांचा, टापटीप कपड्यातला, तुमच्याच रंगाचा. हातात छापील तक्ते. घरात किती माणसं, खोल्या किती, भाडं किती, काम काय, मजुरी किती, आजारी कोण?

तुम्ही दार अर्धंच उघडता. मोजायला येणाऱ्यांचा तुम्हाला अनुभव आहे. आपली गिनती झाली की पाठोपाठ काहीतरी काढून घेतलं जातं. पण हा माणूस आत येऊन बसतो आणि ऐकतो. त्याचं नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस. तो असा सुमारे अडीच हजार घरांत जाणार आहे. (पुढे १९४६ मध्ये याच माणसाला बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. मोजणीत आपण कुठे बसतो, हा प्रश्न दोघांनाही जन्मभर पुरला.)

त्याच वर्षी तिकडे न्यूअर्कच्या कचेरीतला एक संख्याशास्त्रज्ञ तुम्हालाच मोजतो आहे. फ्रेडरिक हॉफमन, जर्मनीत जन्मलेला, प्रुडेन्शियलच्या नोकरीत. त्याचं ‘रेस ट्रेट्स अँड टेंडन्सीज ऑफ द अमेरिकन नीग्रो’ हे तीनशेहून अधिक पानांचं पुस्तक अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने याच १८९६ मध्ये छापलं. पानापानावर तक्ते : क्षय, न्यूमोनिया, बालमृत्यू. त्याचा निष्कर्ष असा की कृष्णवर्णीय माणसं जास्त मरतात ती परिस्थितीमुळे नाही, वंशाच्या गुणधर्मांमुळे. हा वंश ऱ्हासाच्या वाटेवर आहे, म्हणून त्याचा विमा उतरवणं धंद्याला परवडणारं नाही.

दोघांच्याही तक्त्यात तुमचं मेलेलं बाळ आहे. हॉफमनच्या तक्त्यात ते वंशाच्या खाली येतं. ड्यु बॉइसच्या तक्त्यात त्याच्या शेजारी खोलीचा आकार आहे, मोरी आहे, तुमची मजुरी आहे. १८९७ मध्ये ड्यु बॉइसने हॉफमनच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं आणि युरोपातल्या गोऱ्या शहरांचे मृत्युदर त्याच्यापुढे मांडले. तिथेही माणसं अशीच मरत होती आणि त्यांच्या वंशाला कुणी दोष देत नव्हतं. ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ १८९९ मध्ये आलं. पण विमा कंपन्यांच्या टेबलावर दोनांतलं कोणतं पुस्तक राहिलं, ते सांगायला हवं का?

हॉफमन एवढ्यावर थांबला नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सक्तीच्या, सर्वांसाठीच्या आरोग्य विम्याची मागणी जोर धरत होती. काही राज्यांत मसुदे आले. त्यांच्या विरोधात देशभर फिरून लिहिणारा-बोलणारा एक मोठा आवाज याच हॉफमनचा होता. ही योजना जर्मन आहे, असा प्रचार त्या युद्धाच्या दिवसांत झाला, आणि तो जर्मनीत जन्मलेल्या माणसानेही केला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९१८ मध्ये प्रस्ताव फेटाळला. न्यूयॉर्कचं विधेयक १९१९ मध्ये एका सभागृहात मंजूर होऊन दुसऱ्यात मेलं. कृष्णवर्णीयांना विम्याबाहेर ठेवायला आकडे पुरवणारा माणूस सगळ्यांसाठीचं दार बंद करायलाही हजर होता. याला मी योगायोग मानत नाही.

पाय मोकळे करा. डरहॅम, नॉर्थ कॅरोलिना, पॅरिश स्ट्रीट. विसाव्या शतकाची पहिली वर्षं. हवेत तंबाखूचा गोडूस वास. पुन्हा शनिवार, पुन्हा जिन्यावर बूट, पुन्हा वही. पण वही धरणारा हात तुमच्यासारखा काळा आहे. न्हाव्याचा धंदा करून वर आलेला जॉन मेरिक, गावातला पहिला कृष्णवर्णीय डॉक्टर एरन मूर, आणि पुढे कारभार हाती घेणारे सी. सी. स्पॉल्डिंग यांनी नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल ही कंपनी उभी केली. स्थापना १८९८ ची. सुरुवातीच्या दिवसांत चाळीस डॉलरचा एक दावा आला आणि तिजोरीत तेवढे पैसे नव्हते, तेव्हा चालकांनी खिशातून घातले, अशी आठवण कंपनीत सांगितली जाई. या पॉलिसीत मरणाबरोबर आजारपणही आहे. अंथरुणावर पडलात तर आठवड्याला थोडी रक्कम घरी येते. गुलामीत जन्मलेल्या अलॉन्झो हर्नडन यांनी १९०५ मध्ये अटलांटात असंच काम सुरू केलं.

तुम्ही पाच सेंट देता आणि पहिल्यांदा तुम्हाला कुणी रंग विचारत नाही. ओसरीवर बसून त्याच्याशी दोन शब्द बोलता. पण जाताना त्याच्या वहीत डोकावून बघा. सगळी नावं धुणेवाल्यांची, तंबाखू कारखान्यातल्या मजुरांची, स्वयंपाकिणींची. विमा चालतो तो धडधाकट आणि आजारी, सुस्थितीतले आणि अडलेले एका पोतडीत आल्यावर. इथे सगळेच अडलेले. गरिबांनी गरिबांना धरून ठेवलं, ते फार मोठं काम होतं; पण पोतडी लहान ती लहानच राहिली.

पुढची वर्षं भराभर उलटू. १९२९, डॅलसचं बेलर हॉस्पिटल. शिक्षकांनी महिन्याला पन्नास सेंट भरायचे आणि वर्षात एकवीस दिवस खाटेची हमी. ब्लू क्रॉस विम्याचं मूळ हे. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला, त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. १९३८ चा किमान वेतनाचा कायदा आला, त्यातूनही तेच वगळले. दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय बायकामाणसांची कामं हीच होती. कायद्यात रंगाचा उल्लेख नाही, फक्त कामाचा आहे. १९४२ मध्ये युद्धासाठी पगार गोठवले गेले आणि मालकांनी पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली; १९५४ मध्ये तो करमुक्त ठरला. तेव्हापासून अमेरिकेत चांगला विमा चांगल्या नोकरीच्या पाठीवर बसून येतो. तुम्ही अलाबामात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभे आहात. त्या घरच्या साहेबाचा विमा त्याच्या कंपनीतून आलाय. तुमचा कुठून येणार? ज्यांना नोकरीतून मिळत नाही त्यांच्यासाठी वैयक्तिक विम्याचा बाजार उरतो. तिथे प्रत्येक जण एकटा उभा राहतो, आणि एकट्या माणसाचं शरीर तपासून त्याची किंमत करणं सोपं असतं.

एका दिवशी मात्र थांबलंच पाहिजे. १ जुलै १९६६. मेडिकेअर सुरू झालं आणि सरकारने अट घातली की १९६४ च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे वंशभेद थांबवणाऱ्या हॉस्पिटलांनाच पैसे मिळतील. तोवर दक्षिणेतल्या कितीतरी हॉस्पिटलांत तुमची खाट तळघरात होती, काही ठिकाणी प्रवेशच नव्हता. चार महिन्यांच्या आत सुमारे हजार हॉस्पिटलांनी वॉर्ड एक केले. पैसे सगळ्यांच्या तिजोरीतून येतात आणि अट स्पष्ट असते तेव्हा काय होतं, ते या उन्हाळ्यात दिसलं. पण मेडिकेअर पासष्टीनंतरचं. तुम्ही चाळिशीत आहात.

१९७२. एका चाचणी शिबिरात तुमच्या बोटातून रक्त घेतलंय. सिकलसेलचा जनुक आहे, पण एकच. म्हणजे तुम्ही वाहक आहात. रोग तुम्हाला नाही, आयुष्यभर कदाचित काही होणारही नाही. त्या वर्षी राष्ट्रीय सिकलसेल कायदा झाला, राज्याराज्यांत चाचण्यांची लाट आली, आणि त्या कागदाला भलतेच पाय फुटले. वाहक आणि रुग्ण यांतला फरक न समजून घेता काही विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले, काहींनी अर्ज नाकारले. विमान कंपन्यांनी वाहकांना उड्डाणाच्या कामातून दूर ठेवलं. अमेरिकेत दर तेरा कृष्णवर्णीय बाळांपैकी एक वाहक असतं. म्हणजे रंग न विचारता रंगापर्यंत पोचायचा एक रस्ता रक्तातून सापडला.

विदर्भातल्या वाचकांना हे वाचताना घशाशी काहीतरी येईल. गडचिरोलीत, चंद्रपुरात, नागपुरात, तिकडे नंदुरबारात ‘वाहक’ आणि ‘पीडित’ हे शब्द घराघरांत ठाऊक आहेत. लग्न जुळवताना दबक्या आवाजात विचारले जातात. आदिवासी आणि दलित कुटुंबांत हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. तपासणीचा कागद उपचाराकडे नेतो की दाराबाहेर काढतो, हा प्रश्न तिथे परका नाही.

आता ह्यूस्टन, २००७. भाषा बदललीय, घरात स्पॅनिश बोलली जाते. वडील मेक्सिकोतून आले, तुम्ही इथेच जन्मलात, नागरिक आहात. नव्या घरांच्या भिंतींना जिप्समचे तक्ते ठोकायचं काम करता, स्वतःच्या नावावर. मालक नाही, म्हणून कंपनीचा विमा नाही. टेक्सासमध्ये दर चार माणसांतलं जवळपास एक विम्याविना आहे. देशभरातल्या हिस्पॅनिकांत दर तिघांतलं एक. बायकोने हट्ट धरला म्हणून विम्याच्या एका लहानशा ऑफिसात आला आहात. पंख्याखाली बसून बाई अर्ज भरून घेतेय.

उंची? वजन? गेल्या काही वर्षांत कुठल्या डॉक्टरकडे गेलात? कशासाठी? कोणती औषधं चालू आहेत? मधुमेह, रक्तदाब, दमा, पाठदुखी, नैराश्य? पानं संपत नाहीत. या अर्जात वंशाचा प्रश्न नाही. शोधून बघा, कुठेच नाही.

“मेटफॉर्मिन,” तुम्ही म्हणता. “सकाळी एक, रात्री एक.”

बाईचं पेन थांबतं. ती दार ढकलून येते आणि आवाज उतरवते. “हे लिहिलं तर अर्ज परत येणार. नाही लिहिलं तर पॉलिसी मिळेल, पण मोठं बिल आलं की ते जुने कागद उकरतील. मग पॉलिसी रद्द, तीही मागच्या तारखेपासून.”

ती घाबरवत नाही, खरं तेच सांगतेय. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे हे आकडे येतील : तीन मोठ्या कंपन्यांनी पाच वर्षांत सुमारे वीस हजार पॉलिसी अशा रद्द केल्या आणि तीस कोटी डॉलरचे दावे वाचवले.

“बायकोचं बाळंतपण?”

“त्यात नाही. वेगळा हप्ता भरला तर, आणि तेही थांबून.”

एक शेवटचा रस्ता आहे, नाकारलेल्यांसाठी राज्याने चालवलेला विमा. त्याचा हप्ता बाजारभावाच्या दुपटीपर्यंत जातो. तुम्ही मनातल्या मनात महिन्याचा हिशेब मांडता आणि उठता. पार्किंगमध्ये ट्रकचं हॅंडल हाताला चटका देतं. हिस्पॅनिकांत आणि कृष्णवर्णीयांत मधुमेह गोऱ्यांपेक्षा जास्त. विमा न देणाऱ्या नोकऱ्यांतही तेच जास्त. एका प्रश्नाने तुमचा आजार उचलला, दुसऱ्याने तुमचं काम. रंग विचारायची गरजच उरली नव्हती.

२०१० च्या मार्चमध्ये नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०१३ ला बाजार नव्याने उघडला. आजार विचारायचा नाही. नकार द्यायचा नाही. हप्ता ठरणार वय, ठिकाण, माणसं किती आणि तंबाखू यांवरून. बाईला पुरुषापेक्षा जास्त लावायचा नाही. कमी उत्पन्न असेल तर हप्त्यात सरकारी सवलत. पहिल्या दिवशी संकेतस्थळ कोसळलं. स्पॅनिशमधलं तर डिसेंबरपर्यंत धड उघडलंच नाही. विमाविरहितांचं प्रमाण ज्यांच्यात इतकं जास्त होतं, त्यांची भाषा रांगेत शेवटी.

आता मिसिसिपीला चला. त्याच हिवाळ्यात डेल्टा भागातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये घडी घालायच्या टेबलांवर लॅपटॉप मांडलेत. तुम्ही म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालता, भरवता, कूस बदलून देता. पन्नाशी गाठलीय. लेकरं मोठी होऊन गेलीत. वर्षाची कमाई अकरा हजार डॉलर. मदतीला बसलेली मुलगी आकडे भरते आणि बटण दाबते. पडद्यावर पूर्ण हप्ता येतो. सवलत शून्य.

“परत बघ ना, बाळा.”

ती परत बघते. मग सांगताना तिलाच कसंतरी होतं. एका माणसासाठी दारिद्र्यरेषा आहे ११,४९० डॉलर. सवलत त्या रेषेपासून वर सुरू होते. बारा हजार कमावत असतात तर महिन्याला वीसेक डॉलरमध्ये चांगली पॉलिसी मिळाली असती.

“म्हणजे मी मदत मिळण्याएवढी श्रीमंत नाही?”

कायदा करणाऱ्यांनी तुम्हाला विसरलं नव्हतं. रेषेखालच्या सगळ्यांना मेडिकेड मिळेल असंच त्यात लिहिलं होतं. पण जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं. पहिली तीन वर्षं सगळा खर्च केंद्र उचलणार होतं, नंतरही किमान नव्वद टक्के. तरी मिसिसिपीने नाही म्हटलं, टेक्सासने नाही म्हटलं, अलाबामाने नाही म्हटलं. त्यांचं उत्तर आजही तेच आहे. अजूनही नकार देणाऱ्या राज्यांत बहुतेक दक्षिणेतली, एके काळी गुलामांच्या श्रमावर उभी असलेली. मेडिकेड आणि सवलत यांच्यामधल्या त्या फटीत अडकलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त. अर्जात या वेळी विचारलं होतं फक्त राज्याचं नाव आणि उत्पन्न.

तुम्ही कोट चढवता. दुपारी चारला एका आजोबांना जेवू घालायचंय. त्यांच्याकडे मेडिकेअर आहे.

इतकं असूनही मी या कायद्याला अपयशी म्हणणार नाही. पासष्टच्या आतल्या हिस्पॅनिकांत विमा नसलेले २०१० मध्ये सुमारे ३३ टक्के होते, २०२२ मध्ये १८ झाले. कृष्णवर्णीयांत २० वरून १०. गोऱ्यांत १३ वरून ७ च्या आसपास. लाखो माणसांना पहिल्यांदाच छातीत दुखलं तर दवाखान्यात जायची हिंमत आली. पण अंतर मिटलं नाही, आणि ते किती आहे हे आपल्याला कळतं तरी कशामुळे? कुणीतरी आपल्या वंशाच्या चौकोनात खूण केली, म्हणून.

परत या. एडिसन, तेच टेबल. चहा गार झालाय.

आई-बाबांचा हिशेब अजून सुटलेला नाही. बाबांचं पेन्शन डॉलरमध्ये मोजलं तर दोघं दारिद्र्यरेषेच्या खूप खाली येतात. मेडिकेडसाठी ज्यांची पाच वर्षं भरलेली नाहीत, अशा रेषेखालच्या कायदेशीर स्थलांतरितांनाही आजवर बाजारातल्या विम्यावर केंद्राची सवलत मिळायची. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने ती जानेवारी २०२६ पासून काढून घेतली. तुमच्यावर अवलंबून म्हणून दाखवलं तर तुमचं उत्पन्न धरलं जातं, आणि ते सवलतीच्या दृष्टीने फार जास्त. २०२१ पासून मिळणाऱ्या वाढीव सवलतीची मुदतही या डिसेंबरअखेरपर्यंतच आहे. तेव्हा पूर्ण हप्ता, दोघांचा मिळून घरभाड्याएवढा. मिसिसिपीतली ती बाई तुमच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली, तर तिला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

आणि बाबांचा प्रश्न. इथेही जात सांगायची का?

त्यांची भीती खोटी नाही. न्यूअर्कच्या जिन्यावर रंग पाहून एक तृतीयांश कापलेलं तुम्ही पाहिलंत. २०२५ मध्येच मेडिकेड घेणाऱ्यांची माहिती स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या खात्याकडे गेल्याचंही उघड झालं. कागदपत्रांची धास्ती असलेल्या घराने हा रकाना सोडला तर त्याला दोष देऊ नका. पण तुमचे आई-बाबा रीतसर आलेले आहेत, आणि या रकान्याने त्यांचा हप्ता एका सेंटनेही बदलत नाही. वंशावरून हप्ता ठरवायला कायद्याने मनाई आहे. २०१० च्याच कायद्याने सरकारी आरोग्य योजनांना वंश, भाषा, अपंगत्व यांची नोंद ठेवायला सांगितलं, ती कोण बाहेर राहतंय ते दिसावं म्हणून. ड्यु बॉइसच्या तक्त्यातला रकाना आहे हा. अर्जातली बाकीची उत्तरं, काम, राज्य, उत्पन्न, कागदपत्रं, न बोलता माणसं गाळत राहतात. गाळली गेलेली माणसं कोण, हे सांगणाऱ्या मोजक्या प्रश्नांतला हा एक आहे, आणि असंख्य लोक तो रिकामा सोडतात.

नुसतं ‘एशियन’ म्हणून सगळ्यांना एका खणात टाकलं की आशियाई लोकांचं बरं चाललंय असं दिसतं. नव्या कायद्याआधी छोटी दुकानं चालवणाऱ्या कोरियन कुटुंबांत विमा नसलेले किती होते, ते वेगळं मोजल्यावरच कळलं. आपल्यातही सॉफ्टवेअरवाले आहेत तसे पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारे आहेत, मोटेलच्या खोल्या झाडणाऱ्या बायका आहेत, आणि गोळ्यांची पिशवी पुरवून पुरवून वापरणारे आई-बाप आहेत. ज्यांच्याकडे विमा आहे त्यांच्या आकड्याखाली ही माणसं दिसेनाशी होतात.

बाबांना हे सांगा. त्यांनी होकार दिला तर त्या रकान्यात खूण करा. मग आईला विचारून तिच्याही अर्जात करा. आणि या महिन्यात दुसऱ्या कुणाचा अर्ज भरायला बसणार असाल, गुरुद्वाऱ्यात, मंदिराच्या हॉलमध्ये, महाराष्ट्र मंडळाच्या टेबलावर, तर ‘ऐच्छिक’ दिसलं म्हणून पुढच्या पानावर जाऊ नका. आधी त्यांना विचारा.